एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करताना फाइल अडकते, मध्येच डिस्क गायब होते. फॉरमॅट करू का?

नका करू, त्याने डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. निदान आज तरी अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की 1 टीबीच्या डिस्कवर 400 जीबी जागा रिकामी आहे, तरी भावाच्या लग्नाचा 6 जीबीचा व्हिडिओ लॅपटॉपवरून तिच्यात जात नाही, ‘फाइल इज टू लार्ज’ असं काहीतरी येतं. बाकीचे फोल्डर टाकायला घेतले की अर्ध्यावर डिस्कच दिसेनाशी होते. ऐरोलीत कुणीतरी फॉरमॅट मारायला सांगितलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की आईचे सगळे जुने फोटो याच डिस्कवर आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे.

मी ठाण्यात नौपाड्यात लग्नामुंजींचे व्हिडिओ एडिट करतो, दिवसभर लोकांच्या डिस्क हाताळतो. तुमच्याकडे एक नाही, दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत. त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

पहिली साधी आहे. डिस्क फॅट32 या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. माय कॉम्प्युटरमध्ये (नव्या विंडोजमध्ये ‘धिस पीसी’) डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, ‘फाइल सिस्टिम’समोर लिहिलेलं असतं. फॅट32 मध्ये एका फाइलची लांबी 32 बिटांत नोंदवतात, त्यामुळे 4 जीबीपेक्षा मोठी फाइल तिथे बसतच नाही, मग डिस्क पूर्ण रिकामी का असेना. यात बिघाड काहीच नाही. व्हिडिओ तूर्त लॅपटॉपवरच राहू दे.

दुसरी अडचण मात्र काळजीची आहे. कॉपी चालू असताना डिस्क गायब होते तेव्हा मी आधी वायर बघतो, डिस्क नंतर. तुमच्यासारख्या छोट्या, अडीच इंची डिस्कला वेगळा चार्जर नसतो, ती लॅपटॉपच्या पोर्टमधूनच वीज घेते. जुना यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलीअँपिअर देतो, 3.0 चा पोर्ट 900. मध्ये हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा, असेल आणि त्यालाच माउस, पेनड्राइव्ह लटकवले असतील, तर डिस्कच्या वाट्याला कमी येते. ती फिरता फिरता बंद पडते आणि पुन्हा चालू होते. म्हणून हब काढा, लॅपटॉपला चार्जर लावा आणि डिस्क थेट लॅपटॉपला जोडा. बऱ्याच लॅपटॉपवर 3.0 चा पोर्ट आतून निळा असतो, तोच वापरा.

मग मोबाइलचा टॉर्च लावून डिस्कच्या बाजूचं ते चपटं, दोन भागांचं सॉकेट नीट बघा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्याच्या पिनांवर हिरवट थर चढलेला मी कितीदा तरी पाहिलाय. वायर लावून बोटाने अगदी हलकेच हलवा. हलणाऱ्या दातासारखी डुगडुगत असेल तर दुसरी वायर आणा, शक्यतो आखूड. माझ्याकडे येणाऱ्या ‘बिघडलेल्या’ डिस्कपैकी बऱ्याच नुसती वायर बदलून सुरळीत चालल्या आहेत.

वायर बदलूनही तेच होत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती त्यात दिसते. तीन ओळी बघा: रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा साठवायचा छोटा कप्पा). तिन्हींच्या ‘रॉ व्हॅल्यू’ रकान्यात शून्यं असावीत. पेंडिंगसमोर शून्याहून वेगळा आकडा असेल तर डिस्कचे काही भाग वाचता येत नाहीयेत, असं समजा.

अशा वेळी दुरुस्तीच्या मागे लागू नका. दोन वर्षांपूर्वी जुलैत वाशीहून एक गृहस्थ मुलाच्या मुंजीच्या फोटोंची डिस्क घेऊन आले होते. फोटो उघडत होते, फक्त हळू. मी आधी डिस्क ‘नीट’ करावी म्हणून विंडोजमधल्या चेकडिस्कची पूर्ण तपासणी लावली, खराब सेक्टर शोधणारी. ती सगळी डिस्क कोपरानकोपरा वाचते. रात्रभर चालू ठेवली. सकाळी स्टुडिओ उघडला तर आतून आवाज येत होता: टक्… टक्… टक्… थोडं थांबून पुन्हा टक्. अर्ध्याहून जास्त फोटो गेले. आदल्या संध्याकाळी आधी कॉपी केली असती तर बहुतेक सगळे निघाले असते. ती चूक माझीच, म्हणून तुम्हाला इतकं आग्रहाने सांगतोय.

तेव्हा आजच आईचे फोटो लॅपटॉपवर घ्या. कट-पेस्ट नको, कॉपीच. सगळा फोल्डर एकदम ओढू नका, वर्षावर्षाचे फोल्डर वेगळे घ्या, म्हणजे कुठे अडकतंय ते कळेल. टेराकॉपी हे कॉपी करायचं सॉफ्टवेअर वापरलंत तर अडलेली फाइल सोडून ते पुढे जातं आणि शेवटी कॉपी जुळते का तेही तपासतं. नंतर दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइट सारखे आहेत ना बघा, आणि दहा-बारा फोटो खरोखर उघडून बघा. मध्येच टक् टक् ऐकू आलं तर लगेच डिस्क काढा आणि पुन्हा जोडू नका. फ्रीजमध्ये ठेवायचे सल्ले मिळतील, तसलं काही करू नका. तिथून पुढे डेटा रिकव्हरीवाल्याचं काम.

वेग सुरुवातीला जास्त दिसून मग पडतो, त्याला घाबरू नका. खूप छोट्या फाइली असल्या की असं होतंच. जुन्या पोर्टवर सेकंदाला 30 ते 40 एमबी मिळतात, म्हणजे समजा 180 जीबी असले तर दीड तास सहज.

फोटो लॅपटॉपवर आणि आणखी एका ठिकाणी, दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर, पोचले आणि वर सांगितलेले तिन्ही आकडे शून्य असले, तर मग ही डिस्क खुशाल फॉरमॅट करा. फॉरमॅट करताना पद्धत विचारतात, तिथे फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस निवडा, मॅकलाही लावायची असेल तर एक्सफॅट. मग तो 6 जीबीचा व्हिडिओ आरामात जाईल. आकडे शून्य नसतील तर त्या डिस्कवर नवीन काहीच ठेवू नका.

वायर बदलून काय झालं आणि त्या तीन ओळींत काय दिसतंय, ते खाली लिहा. मी रात्री दहानंतर बघतो.