गालिचा उलटा करून बघा

इराणी गालिच्यांबद्दल गेल्या काही दिवसांत आलेल्या प्रश्नांतले पाच घेतोय. किमतीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. वस्तू हातात घेतल्याशिवाय आकडा सांगणं मला जमत नाही.

प्रदर्शनात एक गालिचा आवडला. विक्रेता म्हणतो, ‘अस्सल पर्शियन, हँडमेड, काशान.’ खरं-खोटं कसं ओळखायचं? (नाशिक)

आधी तो उलटा करायला सांगा. विक्रेत्याने आढेवेढे घेतले तर तिथेच नमस्कार करा.

हाताच्या गाठींच्या गालिच्यात पुढची नक्षी मागेही स्वच्छ दिसते. प्रत्येक ठिपका म्हणजे ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, जोडीवर मारलेली एक गाठ. गाठींच्या रांगा बारकाईने बघितल्या तर कुठे जरा दाटी, कुठे किंचित तिरकेपणा दिसतोच. माणसाचा हात आहे तो. मागे कापड चिकटवलेलं असेल तर माल टफ्टेड. त्यात बंदुकीसारख्या अवजाराने कापडात लोकर खुपसतात आणि मागून डिंक फासतात. हाही ‘हँडमेड’ म्हणून खपतो, आणि शब्दशः ते खोटंही नाही! मग दशा बघा. त्या ताण्याचीच टोकं असतात, गालिच्यातूनच बाहेर आलेली. वेगळी झालर शिवलेली दिसली तर शंका घ्या. जुन्या गालिच्याला दुरुस्तीत कुणी शिवलेली असू शकते, पण नव्याला तिचं काय काम?

आता ‘काशान’. काशान हे इस्फहानच्या उत्तरेचं गाव. तिथल्या आणि फार्स प्रांतातल्या विणकामाला २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. दुकानात मात्र काशान हे बऱ्याचदा नुसतं नक्षीचं नाव असतं: मध्ये मोठं पदक, चार कोपरे, लाल आणि गडद निळा. ही नक्षी श्रीनगरलाही विणतात, आणि झकास विणतात. काश्मिरी गालिचा काश्मिरी म्हणून घेण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त दाम इराणचे मोजू नका. तेव्हा ‘पर्शियन आहे का’ असं विचारायचंच नाही. ‘कुठल्या गावात विणला’ असं विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. बिलावर लिहिताना पुष्कळांची स्मरणशक्ती सुधारते.

रेशमी म्हणून देत असतील तर लवेतला, म्हणजे वरच्या उभ्या तंतूंतला, एखादा तंतू मागून घ्या आणि बाहेर जाऊन जाळा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. कागद जळल्याचा वास आला तर ते आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम.

इंचाला जितक्या गाठी जास्त, तितका गालिचा चांगला ना? (डोंबिवली)

नाही हो. गाठी मेहनत सांगतात. इराणातल्या हेरीझ गावचा गालिचा जाड, मोठ्या कोनाकोनांच्या नक्षीचा. त्यात गाठी कमीच, पण दिवाणखान्यात तीन पिढ्या तुडवून घेईल. तिथल्याच कुम शहरातला रेशमी गालिचा गाठींनी गच्च, आणि त्यावर चपला घालून कुणी आलं तर आपल्याच पोटात गोळा येतो.

मेहनत किती, त्याचा हिशेब मात्र करून बघण्यासारखा आहे. ६ बाय ९ फुटांचा गालिचा घ्या, इंचाला १४ गाठी उभ्या आणि १४ आडव्या. चौरस इंचाला १९६, म्हणजे सगळ्या मिळून १५ लाखांवर. कसलेल्या हाताच्या दिवसाला ८,००० गाठी धरल्या तरी एकट्या माणसाला १९० दिवस लागतात. यात सूत रंगवणं, माग लावणं, लव कातरणं धरलेलं नाही. इराणच्या तब्रीझ शहरात इंच चालत नाही, तिथे ‘रज’ मोजतात: साधारण सात सेंटीमीटरमध्ये किती गाठी बसल्या ते. ५० रज म्हणजे चांगला बारीक माल.

खरी गोम वेगळी आहे. गाठ दोन धाग्यांवर मारायची ती चारांवर मारली की काम निम्म्यात होतं. याला ‘जुफ्ती’ म्हणतात. लव विरळ पडते, लवकर झिजते, आणि समोरून काही कळत नाही.

दुबईहून नाईनचा गालिचा आणला. दुकानदार ‘सहा ला’ म्हणाला. म्हणजे काय? (पुणे)

‘ला’ म्हणजे ताण्याच्या धाग्यातला पदर. एक दशा चिमटीत धरून तिचा पीळ हलकेच सोडवा. तीन धागे निघाले आणि प्रत्येकात पुन्हा दोन पदर असले तर तीन दुणे सहा: सहा ला. नऊ ला जाडा, चार ला सगळ्यांत तलम. आकडा लहान तितका माल महाग, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं. नाईन हे इराणातलं गाव पूर्वी लोकरी अब्यांच्या, म्हणजे अंगावर घ्यायच्या झग्यांच्या, कापडासाठी प्रसिद्ध होतं. पाश्चात्त्य पोशाख आला, अबे मागे पडले, आणि तोच बारीक हात गालिच्यांकडे वळला. पीळ परत घालून ठेवा.

हळदीकुंकवाला गालिच्यावर हळद सांडली. साबणाने पुसली तर डाग लाल झाला! (दादर)

हळद साबणातल्या क्षाराने लाल होते, घाबरू नका. आता आणखी साबण नको, घासणं तर मुळीच नको. स्वच्छ पांढरं सुती कापड गार पाण्यात पिळून नुसतं दाबायचं, टिपायचं, कापड बदलायचं. त्याआधी गालिच्याच्या कोपऱ्यात तेच ओलं कापड दाबून बघा; रंग उतरला तर थांबा आणि जाणकाराकडे द्या. उरलेला पिवळेपणा खिडकीच्या उजेडात काही दिवसांत फिका होतो, कारण हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही. कडक उन्हात मात्र टाकू नका, गालिच्याचे रंगही विटतील. पुढच्या वेळी सांडली तर पाणी लावण्याआधी कोरडीच चमच्याने उचला.

आजोबांचा गालिचा घडी घालून माळ्यावर होता. उघडताना कटकट आवाज आला. निळा रंगही एका पट्ट्यात वेगळा आहे. काय करू? (रत्नागिरी)

निळ्याची काळजी सोडा. त्याला ‘अब्रश’ म्हणतात. लोकर थोडीथोडी रंगवायची, पुढच्या घाण्यात नीळ जरा वेगळी उतरायची. खेड्यातल्या आणि भटक्या टोळ्यांच्या विणीत ते शोभतं.

आवाजाची मात्र काळजी करा. बाहेरून लोकर धडधाकट दिसते, पण आतला सुती ताणा दमटपणाने कुजला की वाकवताना असाच तडकतो. कुंडीखालच्या गालिच्याचं हेच होतं. मी असा एक उचलला तेव्हा कुंडीच्या आकाराचा गोल तुकडा हातात आला होता. आता घडी नको, झाडणं-आपटणं नको. सपाट जागी पसरा, दोन्ही बाजूंनी कसर लागलीय का बघा, आणि रफू करणाऱ्याला घरीच बोलवा. तडकलेला भाग कोपऱ्यापुरता असेल तर नवा ताणा ओवून गाठी घालता येतात. मधोमध असेल तर मागून सुती कापडाचा आधार देऊन भिंतीवर लावा.