बायोएथिक्समध्ये (औषधोपचार आणि जीवशास्त्रातल्या नैतिक प्रश्नांचा अभ्यास) मास्टर्स करायचंय, कोर्स निवडताना नक्की काय बघू?

तुम्ही लिहिलंय की लाइफ सायन्सची डिग्री आहे, क्लिनिकल ट्रायलच्या कामाचा थोडा अनुभव आहे आणि आता चार-पाच युनिव्हर्सिट्यांच्या रँकिंगमध्ये अडकलाय. मी हे मास्टर्स केलंय आणि सध्या एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर काम करतो, म्हणून सांगतो, रँकिंग आधी बाजूला ठेवा. ते युनिव्हर्सिटीचं असतं, त्यातल्या या छोट्याशा कोर्सबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही.

आधी बघा की कोर्स कुठल्या डिपार्टमेंटखाली चालतो. फिलॉसॉफीखाली असेल तर वाचन, युक्तिवाद आणि थीसिसवर भर, मेडिकल स्कूलखाली असेल तर केसेस आणि पेशंटच्या जवळचं काम, लॉ स्कूलखाली असेल तर संमती, निष्काळजीपणा, कोर्टाचे निकाल वगैरे. तिन्ही चांगलेच, पण पुढे पीएचडी करायची असेल तर थीसिस नसलेला कोर्स घेऊन नंतर पस्तावाल. एमए, एमएस, एमबीई (मास्टर ऑफ बायोएथिक्स) या नावांवरून काही ठरवू नका, सिलॅबस मागून घ्या आणि नीट वाचा. बीचम आणि चिल्ड्रेस यांचं १९७९ चं 'प्रिन्सिपल्स ऑफ बायोमेडिकल एथिक्स' हे पुस्तक आणि त्यातली ती चार तत्त्वं (स्वायत्तता, हित, अहित न करणं, न्याय) सगळीकडेच शिकवतात, पण सगळा कोर्स तेवढ्यावरच फिरत असेल तर मी तरी पैसे घालणार नाही, कारण खऱ्या केसमध्ये दोन तत्त्वं एकमेकांच्या आड येतात तेव्हाच तर खरी अडचण सुरू होते.

आता मुख्य गोष्ट. प्रॅक्टिकम (हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम करून शिकण्याचा भाग) आहे का आणि त्यात नक्की काय करायला मिळतं? नुसतं 'हॉस्पिटल व्हिजिट' लिहिलेलं असेल तर ते जमेस धरू नका. कन्सल्टला (एखाद्या पेशंटच्या केसमधल्या नैतिक पेचावर सल्ला देण्याच्या बैठकीला) सोबत बसू देतात का, आयसीयूच्या राउंडला नेतात का, केसची नोट तुमच्याकडून लिहून घेऊन ती कोणी तपासतं का, हे थेट विचारा. अमेरिकेत क्लिनिकल एथिक्स कन्सल्टंटसाठी एचईसी-सी नावाचं सर्टिफिकेशन आहे, त्याला बायोएथिक्सची डिग्रीच हवी असं नाही, कुठलीही बॅचलर्स चालते, पण मागच्या चार वर्षांतला ४०० तासांचा हेल्थकेअर एथिक्सचा अनुभव लागतो. ते तास वर्गात बसून भरत नाहीत!

तुमचा अनुभव ट्रायलमधला आहे, त्यामुळे मला वाटतं तुमचा कल रिसर्च एथिक्सकडे असावा. मग तिथे न्युरेंबर्ग कोड (१९४७), हेलसिंकी जाहीरनामा (१९६४), बेलमाँट रिपोर्ट (१९७९) हे माणसांवरच्या संशोधनाचे नैतिक नियम सांगणारे दस्तऐवज नुसतं इतिहास म्हणून शिकवतात की एखादा खरा प्रोटोकॉल (ट्रायलचा लेखी आराखडा) हातात देऊन त्यातल्या चुका काढायला लावतात, ते बघा. या लाइनमध्ये प्रत्यक्ष काम या दुसऱ्या प्रकारचंच असतं.

आणि एक थोडं कडू सांगतो. डॉक्टर, नर्स, वकील यांना ही डिग्री जोडीला म्हणून खूप कामाची पडते, पण एकट्या या डिग्रीवर थेट 'एथिसिस्ट' म्हणून नोकरी मिळणं अवघड आहे, अशा जागा मुळात कमी असतात. तुमच्याकडे ट्रायलचा अनुभव आहे ही जमेची बाजू, तो सोडू नका, जमलं तर नोकरी चालू ठेवून पार्ट-टाइम करा. ऑनलाइन चालेल का, तर चालेल, फक्त प्रॅक्टिकम तुमच्या जवळच्या हॉस्पिटलमध्ये तेच लावून देणार की तुम्हीच शोधायचं, ते लेखी घ्या. ॲडमिशन ऑफिस गोड बोलेलच, म्हणून मागच्या दोन बॅचमधल्या दोघा-तिघांना लिंक्डइनवर मेसेज टाका आणि आता काय करताय एवढंच विचारा. कर्ज काढून जाणार असाल तर हे मेसेज फॉर्म भरायच्या आधी टाका, आणि जमत असेल तर आधी एखादा छोटा सर्टिफिकेट कोर्स करून बघा, काही ठिकाणी त्याचे क्रेडिट्स नंतर मास्टर्सला धरतात.