श्रद्धा सुटली म्हणून उपचार थांबवावेत का?

“माझी श्रद्धा उरलेली नाही. हा गुंता सोडवल्याशिवाय मी डॉक्टरांकडे कशी जाऊ?” शरीर लिंगभावाशी जुळवून घेण्यासाठी संप्रेरकांचे उपचार हवे असलेल्या, धार्मिक घरांत वाढलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. आपल्या लिंगभावाची जाणीव कोणाला धर्म सोडल्याची शिक्षा वाटते, तर कोणाला घरच्यांवरचा राग आपण शरीरावर काढत आहोत अशी शंका येते. वसईच्या कॅथलिक कुटुंबातील एका तरुणीच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, आमच्या वर्षभराच्या समुपदेशनाच्या भेटींविषयी लिहीत आहे.

पहिल्या भेटीत त्या अर्धा तास बोलल्या. परंतु “मला वाटलं”, “मला जावं लागलं” अशाच वाक्यांत. मराठीत ‘गेलो’ किंवा ‘गेले’ म्हणताच बोलणाऱ्याचे लिंग उघड होते आणि ते टाळण्यासाठी त्या प्रत्येक वाक्य मनातल्या मनात फिरवून घेत होत्या. त्यांचा उल्लेख कसा करावा, असे मी विचारले, तेव्हा बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, “त्या, असाच करा. पण मला अजून बोलता येत नाही.”

त्यापूर्वी एका डॉक्टरांनी त्यांना “आधी चर्चशी असलेले भांडण मिटवा, मग बघू” असे सांगून परत पाठवले होते. हा सल्ला मला चुकीचा वाटतो आणि कायद्याचा रोखही तसा नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे तिसरे कलम स्पष्ट सांगते, की समाजातील प्रचलित नैतिक मूल्ये किंवा धार्मिक श्रद्धा एखादी व्यक्ती मानत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजार आहे असे ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आजार-वर्गीकरणानेही लिंगभावातील विसंगती, म्हणजे जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारे लिंग यांतील फरक, मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. श्रद्धा गमावणे हे दुःख असू शकते, परंतु उपचारांसाठी ती पात्रतेची अट नव्हे.

थांबणे म्हणजे सुरक्षित राहणे, हा समजही इथे खोटा ठरला. दार बंद झाल्यावर त्या चार महिने स्वतःच्या मनाने इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक आणि पुरुषी संप्रेरकाचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन घेत होत्या, रक्ताची एकही तपासणी न करता. इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढू शकतो आणि स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम वाढू शकते, म्हणूनच ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. मी रागावले नाही. त्यांच्या कामाविषयी विचारले. त्या मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही पाहता आणि सुधारता येईल अशा, सॉफ्टवेअर प्रकल्पांत अनेक वर्षे काम करत होत्या आणि रुग्णनोंदींच्या एका प्रणालीचे मराठीकरणही करत होत्या. त्या स्वतःच म्हणाल्या, “दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय मी कोडची एक ओळसुद्धा प्रकल्पाच्या मुख्य शाखेत जाऊ देत नाही, आणि शरीराच्या बाबतीत मात्र मी हे केलं.”

त्यानंतरच्या अनेक भेटी नावाभोवती फिरल्या. कोडमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या ‘गिट’ या प्रणालीत केलेल्या प्रत्येक बदलाची ओळखखूण त्यातील मजकूर, लेखकाचे नाव आणि आधीच्या बदलाची खूण यांतून तयार होते, जुने नाव पुसायचे, तर त्यानंतरच्या साऱ्या खुणा बदलतात. म्हणून ‘मेलमॅप’ नावाची फाइल असते, जिच्यात एक ओळ लिहिली की मूळ इतिहासाला हात न लावता यादीत नवे नाव दिसू लागते. जुने नाव त्या फाइलमध्ये राहतेच, आणि ते त्यांना अजूनही बोचते. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतही मूळ नोंद तशीच ठेवून शेजारी दृढीकरण या संस्काराची, विवाहाची टीप लिहिली जाते. “त्या वहीत माझ्या नावाशेजारी जागा आहे, पण लेखणी माझ्या हातात नाही. इथे ती ओळ मला लिहिता आली,” असे त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या.

हे रडणे चर्चसाठी होते. देव आहे असे त्यांना वाटत नव्हते, तरी लहानपणची संध्याकाळची रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेनंतर, आवारात रेंगाळणारी माणसे आणि गायकवृंदातील स्वतःची जागा त्यांनी गमावली होती. मोबदला न घेता दुसऱ्यांसाठी काम करण्याची सवय आपल्याला त्याच आवारात लागली, हे त्यांना मान्य करायचे नव्हते. पुढे ते त्यांनी मान्य केले, आणि त्यासाठी श्रद्धेकडे परत जावे लागले नाही. त्या शोकाला आम्ही मुदत घातली नाही. उपचारांची वाट मात्र त्याच्यासाठी अडवून ठेवली नाही.

त्यांच्या आई एकदा भेटायला आल्या. “मिस्सेला येणं बंद केलं, म्हणून हे झालं का?” असे त्यांनी विचारले. मी सांगितले, की तुमच्या लेकीला हे वयाच्या आठव्या वर्षी, रोज तुमच्यासोबत प्रार्थना म्हणत असतानाही जाणवत होते. आई म्हणाल्या, “तेव्हा मला का नाही सांगितलं?” याचे उत्तर देणे माझे काम नव्हते, दोघी त्यावर घरी बोलल्या.

अंतःस्रावतज्ज्ञांसाठी, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांसाठी, मी लिहिलेल्या पत्रात एवढेच होते, की औषधांचे परिणाम, त्यांतील कोणते परतवता येत नाहीत, आणि पुढे मूल हवे असल्यास शुक्राणू आधी साठवून ठेवण्याचा पर्याय, हे सारे त्यांना समजलेले असून निर्णय त्यांचा स्वतःचा आहे. धर्माचा त्यात उल्लेख नाही. तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या दारातून त्यांनी आधी आईला आणि मग मला फोन केला. म्हणाल्या, “रक्त देऊन आत्ताच बाहेर आले.”