वाचक विचारतात : मोटेलच्या खोलीतली ती अभिनेत्री कोण?

प्रश्न : मुलाच्या आग्रहाखातर ‘पल्प फिक्शन’ हा अमेरिकी चित्रपट नुकताच घरी पाहिला. त्यातला रक्तपात सोसवला नाही. पण मोटेलच्या खोलीत मुष्टियोद्ध्याची वाट पाहणारी, हळू आवाजात बोलणारी तरुणी मनात राहिली. मुलगा म्हणतो ती फ्रेंच आहे. मला मात्र श्रेयनामावलीतले तिचे नाव गोव्याकडचे वाटले. ही कोण आणि तिने पुढे काय केले?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

प्रश्न : माझे थोरले बंधू १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पुण्याहून गेले होते. ज्या राजवटीच्या लाठ्या त्यांनी खाल्ल्या, ती खुद्द पोर्तुगालमध्ये कशी कोसळली, हे दाखवणारा एखादा चित्रपट आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : ही दोन पत्रे एकाच आठवड्यात आली आणि दोन्हींचे उत्तर एकाच नावापाशी येऊन थांबते, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. कोथरूडच्या वाचकांचा कान तयार आहे, असे आधी नमूद करतो. ती अभिनेत्री फ्रेंच नसून पोर्तुगीज आहे. त्यांचे नाव मारिया द मेदेइरुश; अखेरचा उच्चार लिस्बनमध्ये ‘ओस’ असा न होता ‘उश’ असा होतो. त्यांचे संपूर्ण नाव बरेच लांब असून वडिलांचे ‘व्हितोरिनो द आल्मेदा’ हे आडनाव त्यात शेवटी येते. पडद्यावर त्यांनी ते गाळले.

त्यांचा जन्म १९ ऑगस्ट १९६५ रोजी लिस्बन येथे झाला. वडील आंतोनियो व्हितोरिनो द आल्मेदा हे नावाजलेले संगीतकार आणि पियानोवादक असून व्हिएन्ना येथील पोर्तुगीज दूतावासात त्यांनी सांस्कृतिक अधिकारी म्हणून काम केले, आणि मारिया यांचे बालपण ऑस्ट्रियात गेले. धाकटी बहीण इनेश याही अभिनेत्री; पुढे त्या राजकारणात गेल्या आणि २०१७ मध्ये लिस्बनसमोर नदीपलीकडे असलेल्या आल्मादा शहराच्या महापौर झाल्या. कुटुंब मायदेशी परतले ते हुकूमशाही संपल्यावर. जुआंव सेझार मोंतैरो यांच्या ‘सिल्व्हेश्त्र’ या चित्रपटात मारिया यांनी पहिली भूमिका केली तेव्हा त्या किशोरवयीन होत्या. त्यानंतर त्या अभिनय शिकण्यासाठी पॅरिसला गेल्या. आपल्या चिरंजीवांची फसगत होण्याचे कारण बहुधा इथेच आहे, कारण त्यांच्या कामाचा मोठा भाग फ्रान्समध्ये घडला आणि ‘पल्प फिक्शन’मध्येही त्या फ्रेंच वळणाचेच इंग्रजी बोलतात.

अमेरिकी प्रेक्षकांना त्यांची ओळख झाली ती १९९० च्या ‘हेन्री अँड जून’मध्ये लेखिका आनाईस नीन यांच्या भूमिकेतून. १९९४ हे वर्ष मात्र निराळेच ठरले. त्या वर्षी ‘पल्प फिक्शन’ला कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. त्यात मारिया यांच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आहेत. न्याहारीला काय खायचे, पोट थोडे सुटलेले असते तर कसे छान दिसले असते, अशी त्यांची बडबड चालू असते. पण सामान भरताना याच मुलीकडून वडिलोपार्जित घड्याळ मागे राहते आणि ते आणायला मुष्टियोद्धा परत जातो, म्हणून पुढची सगळी उलथापालथ घडते. इतक्या हिंसक चित्रपटात निव्वळ निरागसपणाच्या बळावर लक्षात राहणे हे सोपे काम नव्हे. त्याच वर्षी तेरेझा व्हिलाव्हर्द यांच्या ‘त्रेश इर्मांउश’ या पोर्तुगीज चित्रपटासाठी त्यांना व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. जगाने पहिला चित्रपट पाठ केला आणि दुसरा फारसा पाहिलाच नाही. आमच्या मते अभिनेत्री म्हणून त्यांची खरी उंची दुसऱ्यात आहे. याखेरीज स्पॅनिश आणि इटालियन चित्रपटांतही त्यांनी भूमिका केल्या.

आता सदाशिव पेठेतील वाचकांच्या प्रश्नाकडे वळतो. तुम्हाला हवा असलेला चित्रपट मारिया यांनीच दिग्दर्शित केला आहे. त्याचे नाव ‘कापितांयश द आब्रिल’, म्हणजे ‘एप्रिलचे कॅप्टन’. २००० साली तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्यात त्यांनी स्वतः एक भूमिकाही केली. नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यासारखी मंडळी ज्या पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या सत्तेविरुद्ध गोव्याच्या हद्दीत शिरली, तो सालाझार १९६८ मध्ये आजारपणामुळे पदावरून गेला आणि मार्सेलो काएतानो त्याच्या जागी आले. राजवट तीच राहिली. आफ्रिकेत अंगोला, गिनी आणि मोझांबिक येथे वर्षानुवर्षे चाललेल्या वसाहतींच्या युद्धांना कंटाळलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ च्या पहाटे उठाव केला. रेडिओवर लागलेले एक गाणे हा निघण्याचा इशारा होता. सांतारें शहरातील घोडदळ शाळेतून निघालेले कॅप्टन साल्गैरु माया यांच्या तुकडीने काएतानो यांनी आश्रय घेतलेल्या लिस्बनच्या कार्मो बराकीला वेढा घातला आणि संध्याकाळपर्यंत काएतानो यांनी शरणागती पत्करली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवली. तरीही तो दिवस अगदीच रक्तहीन नव्हता. गुप्त पोलिसांनी जमावावर केलेल्या गोळीबारात चार जण मृत्युमुखी पडले.

चित्रपट मुख्यतः या एका दिवसाभोवती फिरतो. मायांचे काम स्तेफानो अक्कोर्सी या इटालियन नटाने केले आहे. उठाव झाला तेव्हा मारिया आठ वर्षांच्या होत्या. मोठ्यांकडून ऐकलेला दिवस त्या पडद्यावर उभा करतात, त्यामुळे क्वचित त्यात भाबडेपणाही डोकावतो, तो आम्हाला खटकला नाही. गोव्याची हकीकत मात्र त्यात शोधू नये. तिचा धागा चित्रपटाच्या बाहेर आहे : १९६१ साली हातातून गेलेल्या गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते या उठावानंतरच, ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या कराराने. तुमच्या बंधूंच्या सत्याग्रहाला तोवर १९ वर्षे उलटली होती.