इफ तोच आहे, पण कोड तिथपर्यंत पोचतच नाही

प्रश्न: आमच्या वाचनालयाची सभासद नोंदणीची साइट मी पीएचपीत लिहिलीय, बरीच वर्षं नीट चालली. होस्टिंगवाल्यांनी पीएचपीची आवृत्ती ७.४ ची ८.१ केली आणि तेव्हापासून कुणी आधीच नोंदवलेला मोबाईल नंबर टाकला की पान कोरं येतं, आधी ‘हा नंबर आधीच आहे’ असा मेसेज यायचा. क्वेरीच्या (डेटाबेसला दिलेल्या हुकमाच्या) आधी ॲट चिन्ह (@) लावून बघितलं, उपयोग नाही. कोडला हात न लावता चालतं ते बंद कसं पडतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: तुमचा वैताग अगदी रास्त आहे. झालंय असं, की ८.१ च्या आधी मायएसक्यूएलआयची (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) क्वेरी फसली, जसं जुना नंबर डेटाबेसाने नाकारला, की गुपचूप फॉल्स म्हणजे ‘नाही’ असं उत्तर मिळायचं आणि तुमचा इफ (अट तपासणारी ओळ) ते बघून मेसेज दाखवायचा. आता डिफॉल्टच बदललाय, क्वेरी फसली की एक्सेप्शन (कोडने पकडलं नाही तर काम थांबवणारी चुकीची सूचना) फेकलं जातं, ते कुणी पकडत नाही म्हणून स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि खालचा इफ जागेवर असूनही त्याची पाळीच येत नाही. ॲट चिन्ह वॉर्निंग दाबतं, एक्सेप्शन नाही.

बदलामागचं कारण मला पटतं. फॉल्स तपासायला विसरलं की फी डेटाबेसात गेलेलीच नसते आणि पावती मात्र छापून हातात येते, आणि असा कोड ढिगाने आहे. पण फॉल्स मिळणार हा सुद्धा एक शब्दच दिलेला होता की! लोकांनी त्याच्या भरवशावर कोड लिहिला. त्यात चुकीची वाट रोज कुणी चालत नाही, म्हणून अपग्रेडनंतर सगळं ठीक वाटतं आणि पंधरा दिवसांनी कुणीतरी जुना नंबर टाकतो.

माझ्या मते आधी इशारा, मग बदल, हाच रस्ता बरोबर. मोजणी करणाऱ्या काउंट फंक्शनला नल म्हणजे रिकामं मूल्य दिलं तर २०१७ च्या ७.२ मध्ये नुसती वॉर्निंग यायची, काम थांबवणारा टाइपएरर आला तो २०२० च्या ८.० मध्ये, म्हणजे दुरुस्तीला तीन वर्षं मिळाली. आणि २०१५ च्या ७.० मध्ये बरेच फेटल एरर (स्क्रिप्ट बंद पाडणाऱ्या चुका) पकडता येतील असे केले तेव्हा नवा एरर क्लास मुद्दाम एक्सेप्शनच्या बाहेर ठेवला, नाहीतर ‘कॅच एक्सेप्शन’ लिहून पुढे जाणाऱ्या जुन्या कोडने ते सगळे गिळून टाकले असते. तरी त्यातही एक फट राहिलीच, ज्यांच्या एक्सेप्शन हँडलरवर (न पकडलेलं एक्सेप्शन शेवटी जिथे जातं ते फंक्शन) एक्सेप्शन असा टाइप लिहिला होता तो हँडलरच एरर आल्यावर कोसळायचा.

आता तुमचं. आज साइट चालू करायला डेटाबेस कनेक्शनच्या आधी मायएसक्यूएलआय रिपोर्ट हे फंक्शन बोलवून रिपोर्टिंग ऑफ करा, जुनं वागणं परत येईल. पण तिथेच थांबू नका हो. नोंदणीची क्वेरी ट्राय-कॅचमध्ये (एक्सेप्शन पकडणारी रचना) घ्या, एररचा कोड १०६२ म्हणजे ‘ही नोंद आधीच आहे’ हा असेल तरच ‘नंबर आधीच आहे’ दाखवा, बाकी काहीही असेल तर लॉगमध्ये लिहा आणि एक्सेप्शन परत फेका. सगळ्या क्वेऱ्या अशा बघून झाल्या की ती ऑफची ओळ काढा. मायएसक्यूएलआयऐवजी पीडीओ ही डेटाबेसशी बोलायची दुसरी सोय वापरत असाल तर तिथेही हाच बदल ८.० पासून आहे.

आणि टेस्ट साइटवर मुद्दाम जुना नंबर टाका, डेटाबेसचा पासवर्ड चुकवा, नसलेल्या टेबलावर क्वेरी मारा, आणि प्रत्येक वेळी एरर लॉग उघडून बघा.