ब्रेकअपचं पॉप गाणं जॅझी वाटावं म्हणून कुठले कॉर्ड वापरू? आणि 19 व्या वर्षी असं गाणं खोटं वाटतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते कारण तो वाचूनच डोक्यात तिडीक गेली. अजिबात खोटं वाटत नाही. हे ज्याने तुला सांगितलं त्याला विचार, जॅझ गायिका बिली हॉलिडेचं पहिलं रेकॉर्डिंग झालं तेव्हा ती किती वर्षांची होती. 18, साल 1933. एला फिट्झजेराल्ड 1934 मध्ये अपोलो थिएटरची हौशी गायकांची स्पर्धा जिंकली तेव्हा 17 ची. एमी वाइनहाउसचा पहिला आल्बम 2003 चा, नुकतीच वीस पूर्ण झालेली, आणि त्यात जॅझ ठासून भरलाय आणि मोडलेलं नातंही. आत्ताची आइसलँडची गायिका लेवे 24 व्या वर्षी ग्रॅमी घेऊन गेली, तेही ट्रॅडिशनल पॉप विभागात. गायक फ्रँक सिनात्राचा 1955 चा तो रात्रीच्या एकटेपणाचा आल्बम चाळिशीच्या तोंडावरचा आहे, मान्य, पण म्हणून काय बाकीच्यांनी चाळिशीपर्यंत गप्प बसायचं?

आता कॉर्ड. साध्या मेजर कॉर्डच्या जागी मेजर सेव्हन, मायनरच्या जागी मायनर सेव्हन किंवा नाइन (म्हणजे त्याच कॉर्डमध्ये एक-दोन सूर जास्तीचे), आणि ओळ संपवताना टू-फाइव्ह-वन, म्हणजे सी मध्ये डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. हे तुला माहीत असणारच. ब्रेकअपसाठी माझं आवडतं म्हणजे एफ मेजर वाजवून लगेच एफ मायनर आणि मग सी. आतला ए खाली सरकून ए फ्लॅट होतो आणि तेवढ्या अर्ध्या सुरात पोटात गलबलतं. पण गाण्यात एकदाच कर, दोनदा केलंस की ऐकणारा आधीच ओळखतो.

पण खरं सांगू का, कॉर्ड कोणीही टाकतं. आमच्या बँडचा गिटारिस्ट तर दर बीटला एक नवीन कॉर्ड कोंबायचा, तरी गाणं जॅझी व्हायचं नाही. ते होतं गाणारीचा आवाज ठेक्याच्या कुठे बसतो त्यावर.

मी तेव्हा कीबोर्डवर होते. गाणारी मुलगी तुझ्याच वयाची, ब्रेकअप झालं आणि तिने गाणं लिहिलं, 72 बीपीएम म्हणजे मिनिटाला 72 ठोके, ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश, उभा बेस मिळाला नाही म्हणून बेस गिटारच्या तारा तळहाताने दाबून वाजवलेल्या. ही काय करायची, ओळीचा पहिला शब्द मुद्दाम उशिरा घ्यायची. आम्ही सगळे जागच्या जागी, ही मागून निवांत येणार, आणि शेवटचे तीन-चार शब्द पटापट घेऊन बरोब्बर आमच्यासोबत समेवर. गाण्यात 'मी बरी आहे' अशा अर्थाची एक ओळ होती. ती वेळेवर म्हटली की वाटायचं हो, बरी आहे ही. उशिरा म्हटली की कळायचं हिचं काही खरं नाही. शब्द तेच, सूर तेच. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, बिली हॉलिडे ऐकून ऐकून आपोआप आलेलं.

रेकॉर्डिंग झालं, सगळे खूश, फाइल गेली मिक्स करणाऱ्याकडे. परत आली आणि पहिल्याच ओळीला माझ्या लक्षात आलं. पठ्ठ्याने अख्खा व्होकल ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेघांवर, चिकटवला होता, प्रत्येक शब्द बीटवर! वर पिच करेक्शन, सूर सॉफ्टवेअरने नेमका करणं, म्हणजे ती जिथे खालून घसरत सुरावर यायची तेही सरळ. फोन केला तर म्हणे, "ताई, सिंगर लेट होती, मी दुरुस्त करून टाकलं, एक्स्ट्रा काही लावलं नाही." मी म्हटलं अरे 72 ला एक बीट साधारण 833 मिलिसेकंदांचा, ती त्यातले शंभर-सव्वाशे मागे आहे, आणि प्रत्येक कडव्यात त्याच जागी तेवढीच मागे आहे, चूक अशी असते का? चूक दर वेळी वेगळी होते. तर म्हणे आजकाल लोकांना टाइट लागतं. गिटारिस्ट त्याच्या बाजूने, साहजिकच, व्होकल बाजूला झाल्यावर त्याचे कॉर्ड जास्त ऐकू यायला लागले होते ना! मुलगी काही बोललीच नाही. तेच व्हर्जन रिलीज झालं. ऐकायला चकाचक, पण कडक इस्त्रीच्या रुमालाने कोणी डोळे पुसतं का?

तेव्हा तू कॉर्डच्या मागे लागण्याआधी हे कर. तुझं गाणं 72 चं असेल तर मेट्रोनोम 36 ला लाव आणि तो ठोका चारातला दुसरा आणि चौथा आहे असं धरून गा. आठवडाभरात कळेल तू मुद्दाम मागे राहतेस की नुसतीच घसरतेस. तू मागे जाताना पियानोवाल्याला थांबू देऊ नकोस, सगळेच मागे आले तर कोणीच मागे नाही, नुसता टेम्पो पडला. ओरडू नकोस. शेवटच्या कोरसला स्केल चढवून गळा फाडायचा सल्ला कोणीतरी देणारच, त्याला जॅझ गायक-ट्रंपेटवादक चेट बेकर ऐकव, 1954 चा, 24 वर्षांचा पोरगा, कानात पुटपुटल्यासारखा गातो. आणि शेवटचा सूर सी वर आणून घर गाठू नकोस, खाली सी मेजर सेव्हन वाजत असताना बी वरच थांब. ब्रेकअपचं गाणं आहे, घर कसलं गाठतेस.

हे सगळं स्विंग किंवा संथ बॅलडला धरून लिहिलंय हं. बोसानोव्हा, म्हणजे ब्राझीलची ती हलकी जॅझी शैली, करणार असशील तर खालचा ठेका सरळ ठेव, आवाज तरंगू दे. आणि आधी वेळेवर गाता येत नसेल तर उशिरा गाणं हा बहाणा होतो, तिथे ग्रिडवाल्याचं बरोबर. एखादा बेसूर शब्द पिच करेक्शनने ओढून घेतला तरी माझी हरकत नाही, मी काही सोवळ्यातली नाही.

मिक्सला देताना टायमिंगला हात लावायचा नाही हे लिहूनच दे. तरीही 'लेट आहे' ऐकायला मिळालंच तर वाद घालत बसू नकोस, दोन्ही व्हर्जन घे आणि कुठलं कोणतं ते न सांगता चार जणांना ऐकव. मी तेव्हा हेच सुचवलं होतं, गिटारिस्ट म्हणाला वेळ नाही. रॉ फाइल, म्हणजे दुरुस्ती न केलेलं रेकॉर्डिंग, अजून माझ्याकडे आहे. तो गिटारिस्ट इथे बराच वेळ पडीक असतो, वाचत असेल तर सांगते, ऑफर अजून उभी आहे.