मुलीच्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंटसाठी मी आजारी आहे असं सांगून सिक लीव्ह टाकू का?

नाही, स्वतः आजारी आहे असं सांगू नका, मुलीला डॉक्टरकडे न्यायचंय असं खरंच लिहा आणि सिक लीव्ह त्यात बसते का ते आधी लीव्ह पॉलिसीत बघा. मी एचआरमध्ये बरीच वर्षं रजेचे अर्ज बघितलेत, त्यात खरं कारण दिलं म्हणून कोणाला त्रास झालेला मला आठवत नाही, पण मुलाच्या नावाची फाइल स्वतःचं सर्टिफिकेट म्हणून जोडली की विषय रजेवरून थेट खोटं बोलण्यावर जातो, आणि ते फार वाईट वाटतं हो, कारण आईबापाचं काम रास्तच असतं.

पॉलिसीत "कुटुंबातील व्यक्तीचं आजारपण" किंवा "आश्रित" असा शब्द शोधा. तो नसेल तर कॅज्युअल, हाफ डे किंवा दोन तास उशिरा येण्याची परवानगी मागा. मेल एवढाच पुरे: "मंगळवारी सकाळी ११ ला मुलीची कानाची तपासणी आहे, २ पर्यंत ऑफिसला पोचते." आजाराचा तपशील द्यायची गरज नाही.

फक्त एक, कायदा जागेप्रमाणे बदलतो. कॅलिफोर्नियात पगारी सिक लीव्ह मुलाच्या साध्या तपासणीलाही चालते, तर ब्रिटनमध्ये आश्रितांसाठीची कायदेशीर सुट्टी अचानक उद्भवलेल्या प्रसंगासाठी असते, आधी ठरलेल्या अपॉइंटमेंटला ती लागू होत नाही.